रांगेतलं ऊन

कर्नाटकातल्या शाळांना १० एप्रिलच्या आसपास सुट्टी लागते, ती थेट मे संपेपर्यंत. वर्षातलं सगळ्यात कडक ऊन आणि सगळ्यात लांब सुट्टी यांची गाठ अशी दरवर्षी पडते. बीदर-कलबुर्गीच्या हद्दीवरच्या मंठाळसारख्या गावातून याच दिवसांत भाड्याची जीप, नाहीतर भावकीतल्या कुणाची तरी गाडी पहाटे निघते. बसवकल्याण मागे टाकून सस्तापूर बंगल्याला हायवेवर चढलं की हुमनाबाद, झहीराबाद, संगारेड्डी आणि मग हैदराबाद. दोनशेच्या आसपास किलोमीटर. रामोजी फिल्म सिटी १९९६ पासूनची, त्यामुळे ती आईबापांनाही ठाऊक; रविर्यालजवळचं वंडरला २०१६ मध्ये उघडलं, ते पोरांच्या पिढीचं. खोपोलीजवळचं इमॅजिका नावाने सगळ्यांच्या ओळखीचं, पण इथून ते साडेचारशे किलोमीटरच्या घरात. म्हणून सहल हैदराबादलाच वळते.

त्या गाडीत कधीकधी असं एक मूल असतं की त्याला उतरवायला दोन माणसं लागतात, किंवा उतरल्यावर त्याचा हात एक क्षणही सोडता येत नाही. कित्येक घरांचा हैदराबादशी संबंधच मुळी या मुलामुळे जुळलेला असतो. सिकंदराबादच्या मनोविकास नगरात बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८४ पासून आहे. तिथे तपासणीला, थेरपीला आमच्या भागातली माणसं जातात. आलोच आहोत तर एक दिवस पार्कही पाहू, असा बेत ठरतो. बेत चांगलाच आहे. भावंडांचं निम्मं बालपण दवाखान्यांच्या बाकांवर गेलेलं असतं, त्यांचाही एक दिवस असायला हवा. आणि ज्याच्यामुळे ते बाकांवर बसले, त्याचाही.

निघताना घरात चर्चा होते ती एकाच गोष्टीची, त्याला पाळण्यात बसू देतील का? ते तिथले कर्मचारी ठरवतील. आईबापांनी आधी पाहायचं ते हे, की पाळण्यापर्यंत पोचेतो हे मूल किती वेळ उन्हात उभं किंवा बसलेलं राहणार. तिकिटाची रांग, झडतीची रांग, लॉकरची रांग, मग प्रत्येक राईडची. राईड असते दोन-तीन मिनिटांची. बाकी दिवस थांबण्यात जातो, आणि दिव्यांग मुलाला ऊन बाधतं ते बहुधा या थांबण्यात.

शरीर ऊन कसं फेडतं ते आधी पाहू. गरम हवेत आपल्याजवळ खरं हत्यार एकच, घाम. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर थोडी उष्णता तशीच बाहेर जाते. पण त्वचा असते ३५ अंशांच्या आसपास, आणि मे महिन्यात कलबुर्गीत पारा ४२-४३ ला जातो. मग वाट उलटी होते, हवाच अंग तापवू लागते. त्या वेळी एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो शरीरातून जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठाचं हेच तंत्र आहे. अंगावरच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, वाळतं आणि आतलं थंड राहतं. चिनी मातीच्या चकचकीत बरणीत तेच पाणी दुपारी कोमट होतं, कारण तिच्या अंगाला पाझर नाही. काही मुलांचं शरीर या बरणीसारखं असतं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

स्पायना बायफिडा असलेलं मूल घ्या, म्हणजे जन्मतः पाठीच्या कण्याचा खालचा भाग नीट जुळलेला नाही असं. ज्या जागी मज्जारज्जूला इजा आहे तिच्या खाली घामाला हुकूमच पोचत नाही. कमरेवरचा भाग घामाने भिजतो, खाली पाय कोरडे. अपघातात कण्याला मार बसलेल्या मुलाचंही असंच, आणि इजा जितकी वर तितकं अंग जास्त कोरडं. भाजल्याचे मोठे व्रण असलेल्या मुलाच्या त्या व्रणातून घाम येत नाही. आणि क्वचित जन्मतःच घर्मग्रंथी नसलेली मुलं असतात. दात विरळ, केस विरळ, त्वचा कोरडी. चार्ल्स डार्विनने आपल्या एका ग्रंथात सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाचं वर्णन दिलं आहे. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजके कमजोर दात, अंगावर केस अगदी थोडे, आणि उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून अतोनात हाल. मुलींना हे होत नसे, पण त्यांच्या मुलग्यांत ते उतरे. आनुवंशिकतेचं शास्त्र अजून बाळसं धरायचं होतं, त्या काळातली ही नोंद. म्हणजे उन्हाळ्याने ज्यांना वेगळं काढलं अशा मुलांची गोष्ट आपल्याच उपखंडातून जगाच्या पुस्तकात गेली.

त्याहून जास्त घरांना लागू पडतं ते औषधांचं. फिट येऊ नये म्हणून दिलं जाणारं टोपिरामेट आणि झोनिसामाइड ही औषधं काही मुलांचा घाम कमी करतात. लाळ आवरायला दिलं जाणारं ग्लायकोपायरोलेट, स्नायूंचा ताठरपणा किंवा अनावर हालचाली आवरायला दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिल, लघवीवर ताबा यावा म्हणून दिलं जाणारं ऑक्सिब्युटिनिन, हीही घाम आटवणाऱ्या जातीचीच. सगळ्याच मुलांना हे होतं असं नाही. पण उन्हात खेळून आल्यावर चेहरा लालभडक, कपाळ तापलेलं आणि काख कोरडी असं कधी दिसलं असेल, तर सहलीच्या आधी डॉक्टरांना विचारा. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करायची नाही. सहलीच्या गडबडीत चुकलेल्या एका डोसामुळे आलेली फिट ही उन्हापेक्षा महाग पडते.

सेरेब्रल पाल्सीचं मूल तर बसल्या जागी कष्ट करत असतं. ताठरलेले स्नायू, हातापायांच्या नको असलेल्या हालचाली यांत आतून उष्णता तयार होत राहते. त्यात गिळायला अडचण, म्हणून पाणी कमी. मुळात लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्वचा जास्त आणि घाम मोठ्यांपेक्षा कमी, त्यामुळे हवा तापली की कुठलंही मूल मोठ्या माणसाआधी तापतं. इथे त्यावर आणखी ओझी चढतात. डाऊन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. सिकलसेलच्या मुलाला पाणी कमी पडलं की वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि तापलेल्या अंगाने एकदम गार पाण्यात उतरलं तरीही येऊ शकतो. म्हणजे वॉटरपार्क हा उन्हावरचा उतारा सगळ्यांना सारखा लागू पडत नाही.

आणि या सगळ्यावर एक मोठी अडचण. आपल्याला तहान लागली की आपण मागतो, ऊन लागलं की सावलीत सरकतो, टोपी टोचली तर काढतो. बोलता न येणारं, चालता न येणारं मूल यातलं काहीच करू शकत नाही. तहान हे त्याच्यासाठी नुसतं अस्वस्थ होणं असतं. स्वमग्न मुलाला तर तहान ओळखताच न येण्याची शक्यता असते. ते चिडतं, डोकं आपटतं, आणि आपण समजतो की गर्दीला कंटाळलं. अशा मुलाला 'पाणी पाहिजे का' असं विचारण्यात अर्थ नाही. घड्याळ लावून, दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट पाजायचे. ज्याला पातळ पाणी ठसकतं त्याला घट्ट केलेलं, ज्याला नळीतून देतात त्याला डॉक्टरांनी आधी ठरवून दिलेलं जादा पाणी.

हे वाचून बऱ्याच आया मनात म्हणतील, पाणी पाजू हो, पण मग पुढचं काय? आणि या आक्षेपात दम आहे. दहा-बारा वर्षांच्या, डायपर लागणाऱ्या मुलाला बदलायचं कुठे? बायकांच्या स्वच्छतागृहात तो मोठा दिसतो, पुरुषांच्या स्वच्छतागृहात आईला जाता येत नाही, आणि भिंतीला लावलेली फळी असलीच तर ती तान्ह्या बाळाच्या मापाची. शेवटी गाडीची मागची सीट किंवा झाडाआड अंथरलेली सतरंजी. म्हणून सहलीच्या दिवशी सकाळपासून मुलाचं पाणी तोडलं जातं, आईही स्वतःचं तोडते. घरोघर चालतं हे, कुणी बोलत नाही. दिव्यांग मुलाला ऊन लागण्याच्या कारणांत एक कारण स्वच्छतागृहाचं दार आहे, असं म्हटलं तर ते हसण्यावारी नेऊ नये. इंग्लंडमध्ये मोठ्या माणसाला आडवं करून बदलता येईल असा पलंग आणि उचलायचं यंत्र असलेल्या स्वच्छतागृहांसाठी पालकांनी २००६ पासून चळवळ चालवली. १ जानेवारी २०२१ पासून तिथल्या नव्या मोठ्या सार्वजनिक इमारतींत ती सक्तीची झाली. पंधरा वर्षं लागली. आपल्याकडे ही मागणी अजून नीट उच्चारलीही गेलेली नाही. पार्कात प्रथमोपचाराची खोली मात्र बहुधा असते, तिथे पलंग असतो, पंखाही असतो. गेल्या गेल्या ती खोली शोधा आणि तिथल्या माणसाशी ओळख करून घ्या. दिवसभरातला निम्मा प्रश्न तिथे सुटतो.

पाणी म्हणजे काय, तेही पाहायला हवं. घरचं पातळ ताक, ज्वारीची आंबील, लिंबाचं सरबत उत्तम, पण गाडीत तापलेल्या बाटलीतलं ताक दुपारी उघडू नये. ओआरएसची पुडी सोबत असावी, पूर्ण पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात. अर्ध्या ग्लासात चिमूटभर टाकलेली पुडी बरोबर झाली की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. आणि दुकानात मिळणाऱ्या कागदी डब्यांबद्दल सावध. नावात ओआरएस आणि आत साखरेचं सरबत, अशी पेयं वर्षानुवर्षं विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध कित्येक वर्षं लढत होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांना ते नाव लावायला मनाई केली. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलाला पुडीसुद्धा विचारूनच.

आता खुर्ची. हवामान खातं जे तापमान सांगतं ते सावलीतल्या, हवेशीर लाकडी पेटीतलं असतं. उघड्या काँक्रीटवर, काळ्या रबरी फरशीवर, प्लॅस्टिकच्या हिरवळीवर आकडा त्याच्या किती तरी वर जातो, आणि जमिनीलगत सगळ्यात जास्त. व्हीलचेअरमधलं मूल मोठ्या माणसाच्या कमरेच्या उंचीवर बसलेलं असतं. ढकलणाऱ्या बापाला वारा लागतो, मुलाला फरशीची झळ. खुर्चीची रेक्झिनची पाठ घाम अडवते, तिच्यावर सुती चादर नाहीतर टॉवेल घालावा आणि भिजला की बदलावा; ओली गादी आणि एकाच जागी तास न् तास बसणं यांतून पाठीला, बैठकीला जखमा होतात, त्या बऱ्या व्हायला महिने जातात. बक्कल, हँडल, पायटे ही धातूची. ज्या मुलाच्या पायांना संवेदना नाही, त्याला पायटा पोळतोय हे कळणारच नाही, संध्याकाळी फोड दिसेल तेव्हाच. घसरगुंडीचंही तेच. आपल्या तळहाताची मागची बाजू आधी तिथे टेकवून पाहणं ही सवयच करून घ्यावी. वरून छत्री असावी, पण चारी बाजूंनी कापड टाकून खुर्चीची डोली करू नये, आत हवा कोंडते. आणि स्पायना बायफिडाच्या मुलांत रबराची ॲलर्जी पुष्कळ आढळते. पार्काच्या दारातला फुगेवाला त्यांच्यासाठी उन्हाइतकाच लांब ठेवण्याजोगा.

मग रांग. जगातल्या मोठ्या पार्कांनी याचा विचार केला तो काही सगळाच दयाबुद्धीने नव्हे. २०१३ मध्ये अमेरिकेत बातम्या आल्या की न्यूयॉर्कमधली श्रीमंत कुटुंबं डिस्नेच्या पार्कात रांग चुकवण्यासाठी दिव्यांग व्यक्तीला पैसे देऊन 'वाटाड्या' म्हणून सोबत नेतात. त्याच वर्षी डिस्नेने जुनी पद्धत मोडून नवी आणली. दिव्यांग पाहुण्याला राईडची परत यायची वेळ लिहून मिळते. रांगेइतकाच वेळ थांबायचं, पण सावलीत, हवं तिथे, आणि वेळ झाली की थेट आत. २०२४ मध्ये त्यांनी ही सोय आणखी आवळली, मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक दिव्यांगतेपुरती ठेवली, त्यावर तिथे अजून धुसफूस आहे. तरी कल्पना मोलाची आहे. वेळ सगळ्यांना सारखाच जातो, वाचतं ते ऊन. यासाठी यंत्र लागत नाही, खर्च लागत नाही. वहीत नाव आणि वेळ लिहिणारा एक माणूस पुरतो.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचं उदाहरण याच्याही पुढचं. उन्हाळा तिथेही आपल्यासारखाच पोळणारा. गॉर्डन हार्टमन या बांधकाम व्यावसायिकाच्या मुलीला, मॉर्गनला, बौद्धिक दिव्यांगता. सुट्टीत पोहण्याच्या एका तलावात ती इतर मुलांशी खेळू पाहत होती आणि ती मुलं बाजूला झाली. बापाने २०१० मध्ये २५ एकरांवर मॉर्गन्स वंडरलँड उभं केलं. दिव्यांगांना तिथे तिकीट नाही. व्हीलचेअरसकट चढता येणारे झोके आणि फिरकीचा पाळणा आहे. उन्हाळ्यात येणाऱ्यांची संख्या घटते हे लक्षात आल्यावर २०१७ मध्ये शेजारी पाण्याचं पार्क काढलं. तिथली अडचण बघा. विजेवर चालणारी खुर्ची पाण्यात नेता येत नाही, बॅटरी भिजते. म्हणून पिट्सबर्ग विद्यापीठाच्या मदतीने दाबलेल्या हवेवर चालणारी खुर्ची वापरात आणली. आणि काही जागी पाणी कोमट करण्याची सोय ठेवली, कारण गार पाण्याच्या धक्क्याने ताठर स्नायू आणखी आवळतात. उन्हाळ्यात कोमट पाणी ही कल्पना ज्याला सुचली, त्याने अशी मुलं जवळून पाहिलेली असणार.

आपल्याकडे सुरुवात लहान बागांपासून झाली. बेंगळुरूत 'किलीकिली' या पालकांच्या गटाने २००६ मध्ये कोल्स पार्कात सगळ्या मुलांना एकत्र खेळता येईल असं मैदान करून घेतलं. नागपुरात पारडीला 'अनुभूती' या दिव्यांगस्नेही उद्यानाचं काम २०२३ मध्ये जाहीर झालं, स्पर्शाची आणि वासाची बाग, पाण्याची थेरपी असा त्यात विचार. मोठ्या खासगी पार्कांत मात्र अजून प्रत्येक राईडच्या फलकावर मनाईची यादी जास्त आणि पर्याय कमी. मनाई सगळीच चुकीची असते असं मी म्हणणार नाही. खांद्यावरून येणारा लोखंडी दांडा धडावर ताबा असलेल्या शरीरासाठी केलेला असतो. मान न सावरणाऱ्या मुलाला त्यात बसवणं धोक्याचंच. राईड अर्ध्यात बंद पडली तर जिना उतरावा लागतो, तेही खरं. तक्रार वेगळी आहे. नियम लिहिलेला एक असतो आणि दारातला पोरगा मुलाकडे नुसतं पाहून दुसराच सांगतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्याला जाणाऱ्या विमानातून असंच 'पाहून' उतरवलं होतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाखांची भरपाई देवविली.

त्याच वर्षी दिव्यांगजन हक्क कायदा झाला. पूर्वीच्या कायद्यातले ७ प्रकार यात २१ झाले, सिकलसेल, थॅलेसेमिया, स्वमग्नता त्यात आली. करमणुकीत भाग घेण्याचा हक्क कलम २९ मध्ये शब्दांत लिहिलेला आहे. कलम ४६ सांगतं की सेवा देणारा सरकारी असो की खासगी, नियम निघाल्यापासून दोन वर्षांत त्याने ती सुगम करायची. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत कधीच सरली. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा असून चालणार नाहीत, सक्तीचे किमान नियम करा. सीमाभागातल्या माणसाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बीदरच्या दवाखान्यात मिळालेलं दिव्यांग प्रमाणपत्र या कायद्याने देशभर चालतं. कार्ड कर्नाटकचं आहे म्हणून तेलंगणात किंवा महाराष्ट्रात कुणी परत पाठवत असेल तर ते चुकीचं आहे. बसच्या पासाचं तसं नाही, त्याची हद्द घरापासून शंभर किलोमीटर. रेल्वेची सवलत मात्र सगळीकडे, सोबतच्या एका माणसासकट.

म्हणून निघण्याच्या आधी पार्काला फोन, आणि शक्य तर लेखी उत्तर. रांगेत न थांबता परत यायची वेळ मिळते का? खुर्चीसह जाता येईल अशा जागा कोणत्या? सावलीत किंवा एसीत बसण्याची जागा प्रवेशापासून किती लांब? बाहेरचं अन्न चालत नसेल तर घट्ट केलेलं पाणी, नळीतून द्यायचं अन्न आणि औषधं नेऊ देतील ना? फिटवर देण्याचा नाकातला फवारा गाडीच्या डिकीत ठेवू नये, बंद गाडी दहा मिनिटांत दहा-अकरा अंशांनी तापते. मुलाला तर पाच मिनिटंही त्या गाडीत ठेवायचं नाही, काच खाली करूनही नाही.

आत गेल्यावर पहिला तास मोकळ्यावरच्या गोष्टींना, बारा ते चार छपराखालच्या शोला, जेवणाला, झोपेला. हवेचं तापमान डोक्यावर सूर्य असताना शिखराला नसतं, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान असतं. दख्खनच्या कोरड्या हवेत एक उपाय फार गुणाचा, ओला सुती पंचा. मानेवर, डोक्यावर, मांड्यांवर घालायचा, वरून हातपंख्याने किंवा बॅटरीच्या पंख्याने वारा. ज्याचा घाम येत नाही त्याला आपण बाहेरून घाम देतो आहोत, एवढंच. पंचा वाळला की पुन्हा भिजवायचा. कोकणाकडच्या दमट हवेत हे इतकं चालत नाही, पाणी वाळतच नाही. आणि नुसता पंखा ४० अंशांच्या वर गरम झोतच मारतो. ज्या मुलाला ओल्या कापडाचा स्पर्श सहन होत नाही त्याला ते घरीच आठवडाभर आधी थोडं थोडं सवयीचं करावं. पार्कात पहिल्यांदा मानेवर पंचा टाकला तर तो फेकला जाणार, हे गृहीत धरा.

धोक्याची खूण कोणती? पुस्तकात लिहितात, भान हरपणं, बडबडणं, ४० अंशांच्या वर ताप. जे मूल एरवीही बोलत नाही त्याच्यात बडबड कशी ओळखणार? इथे आईची नजरच कामाची. रोजच्यापेक्षा जास्त सुस्त, रोजच्यापेक्षा जास्त ताठर किंवा एकदम ढिलं, नेहमीच्या हाकेला नेहमीसारखं न वळणं, चार-पाच तास लघवी नाही. एवढं दिसलं की सहल तिथेच थांबवायची. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि जांघेत ओले थंड कपडे ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटॅमॉल या तापावर चालत नाही, हा ताप वेगळा. १०८ हा क्रमांक कर्नाटक, तेलंगणा, महाराष्ट्र तिन्हीकडे एकच आहे. रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणं थांबवायचं नाही. आधी अंग गार, मग दवाखाना.

कधीकधी वाटतं, आपल्या जुन्या लोकांनी करमणुकीची वेळ जास्त शहाणपणाने निवडली होती. हुमनाबादची वीरभद्रेश्वराची जत्रा जानेवारीत, कलबुर्गीची शरणबसवेश्वराची होळीनंतर, आणि खरी गर्दी दिवे लागल्यावर. पाळणा फिरतो तो थंड हवेत. पाळणेवाला फलक दाखवत नाही. चाक थांबवतो, बाप मुलाला मांडीवर घेऊन बसतो, दोन फेऱ्या हळू फिरवतो. त्या पाळण्याचे नटबोल्ट कुणी तपासले होते का, हे विचारायची मात्र सोय नसते, आणि जत्रेच्या धुळीत खुर्चीचं चाक रुततंच. पार्क नेमकं उलटं. यंत्र तपासलेलं, रस्ता गुळगुळीत, आणि उघडण्याची वेळ सकाळी दहा-अकरा ते संध्याकाळ. उन्हाळ्यात संध्याकाळी चार ते रात्री दहा अशी वेळ ठेवायला कुणाची हरकत असावी हे मला तरी कळलेलं नाही.

गारव्याची आपली एक जागा बीदरजवळच आहे, नरसिंह झरणी. डोंगरातल्या बोगद्यातून छातीइतक्या पाण्यातून सुमारे ३०० मीटर चालत देवापर्यंत जायचं. मे महिन्यातही आत पाणी गार, वर वटवाघळं. बाप पोरांना खांद्यावर बसवून नेतात, त्यांत पाय अधू असलेलीही पोरं असतात. पण फिट येणाऱ्या, श्वासाचा त्रास असणाऱ्या किंवा अंधाराने बिथरणाऱ्या मुलाला तिथे नेऊ नये. पुढे-मागे माणसं असतात आणि अर्ध्या वाटेतून पटकन मागे फिरता येत नाही.

राहता राहिली सुट्टी. एप्रिल-मेचा हट्ट सोडता आला तर कर्नाटकात दसऱ्याची सुट्टी चांगली लांब असते. ऑक्टोबरात हैदराबादचं दुपारचं कमाल तापमान बहुधा ३१-३२ अंशांच्या आसपास येतं, पाऊस ओसरत आलेला असतो. हुमनाबादहून बीदर-कलबुर्गी मार्गावरची रेल्वे २०१७ पासून सुरू आहे, बीदरला उतरून पुढची हैदराबादची गाडी धरता येते. दसऱ्याच्या दोन-तीन दिवसांची आणि शनिवार-रविवारची गर्दी टाळून मधला मंगळवार-बुधवार धरावा, आदल्या संध्याकाळी शहरात मुक्कामाला पोचावं, आणि पार्क उघडताना दारात असावं.